वच्छे, त्या टेकाडावरून येताना तू बोलली ते

वच्छे,

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. दुपारचं ऊन अंगणात आलेलं, मधात टोपलं, इकडून मी अन तिकडून तू. तू सोलत होती, मी खात होतो, म्हणून तू दोनदा माझ्या हातावर चापट मारली. मग म्हणली, "आवो, त्या गावाचं नाव काय होतं? पांढऱ्या डोंगराचं. लोकं गरम पाण्यात पाय सोडून बसले होते ते."

"पामुक्कले."

"नाई बाप्पा. ते दुसरं."

"तेच."

"तुमाले काय आठवते! तुमी त तिथं आंघोळ आंघोळ करून पोरीचा जीव खाल्ला होता."

मी रागानं उठलो अन म्हशीले पाणी दाखवाले गेलो. परत आलो तर टोपलं भरत आलं होतं अन तू भिंतीले टेकलेली. मी म्हटलं, "पामुक्कलेच. नंदाले फोन लावून विचार." तू काही बोलली नाही. अर्धी सोललेली शेंग हातात तशीच होती. लग्नाले पन्नास वर्षं झाली, तू भांडण कधी अर्धं सोडलं नव्हतं. त्याच्यावरूनच मले समजलं.

आज सहावा दिवस आहे. मी चौथी शिकलेला माणूस, मले वळणदार लिहिता येत नाही. पण तुले सांगाचं आहे अन लोकांनाही आयकवाचं आहे. गाव दोन गोष्टी बोलून राह्यलं. एक, मी तुले परदेशात फिरवून मारलं. दोन, तुझ्या राखेपायी मी येडा झालो. पहिलीचं उत्तर मी देतो. दुसरीचं उत्तर तूच देलं होतं, तुर्कस्तानातल्या कोन्या नावाच्या शहराच्या पुढच्या त्या टेकाडावरून परत येताना. तू म्हणली होती, मले नदीत नका टाकू, घरात ठेवा. अन मी तुले हो म्हटलं नव्हतं. माझं सगळं दुखणं तेवढंच आहे.

तर पहिली गोष्ट. मयतीले आलेली माणसं आधी रडली, मग चहा पेली, मग ओट्यावर बसून सुरू झाली. "म्हातारीले कायले नेलं असंन तिकडे? दगडं पाहाले?" "अन तेही पडलेले दगडं." "आली तवापासून उतरलीच होती बिचारी." मले कमी दिसते, पण मी बहिरा नाही. तिथंच उठून सांगितलं, "तिचं हृदय कमजोर होतं ते जायच्या आधीपासून. डॉक्टरनं गोळ्या देल्या, घरी बसा म्हटलं नाई. सोयाबीन सोंगता सोंगता मेली असती त तुमी म्हटलं असतं, कष्टाळू बाई होती. रिसोडच्या जीपीत दबून मेली असती त म्हटलं असतं, नशीब. जग पाहून आली अन आपल्या अंगणात, उन्हात, भांडता भांडता गेली, त तुमच्या पोटात काहून दुखते?" कपबशा तेवढ्या वाजल्या.

खरं तर मीच जाणार नव्हतो. हे मी लोकांना नाही सांगितलं, तुले माहीतच आहे. आपली नंदा तिकडे तुर्कस्तानात, इझमीर म्हणून समुद्राकाठी शहर आहे, तिथं कारखान्यात इंजिनेर. दरसाल म्हणे, या. दरसाल मी म्हणो, वावर कोण पाहीन. यंदा चैतात तू मले न विचारता तिले हो म्हणून टाकलं अन मले सांगितलं ते ताट वाढताना. "मी जाऊन राह्यली. तुमाले याचं असंन त या, नाई त गिरजा भाकरी थापून देईन." शेजारच्या गिरजाच्या भाकरी मी खाल्ल्या आहेत. म्हणून आलो.

जावयाले सुटी नव्हती. आठ दिवस आपण तिघं, नंदाच्या लाल गाडीत. पुढं मी, मागं तू अन तुझी ज्वारीच्या पिठाची थैली. मी नंदाले सांगत होतो, इथं डावीकडे घे, पुढं वळण आहे, हॉर्न मार. तू मागून म्हणली, "जसा काई गावाकडचा रिठद-रिसोड रस्ताच हाय यांचा." पोरगी हसता हसता गाडी बाजूले घेऊन थांबली. तिथंच रस्त्याच्या कडेले ताक विकत होते, आपल्यासारखंच, मीठ घातलेलं. तू दोन गिलास पेली अन म्हणली, हे लोकं आपलेच हायत.

पहिलं जुनं गाव इफेस. मी पाहिलं अन म्हटलं, हे तर संगमरवराचा उकिरडा आहे. तू म्हणली, "उकिरडा कायचा? गेल्यावर कोणी आवरलं नाई, एवढंच." तिथं एका जागी दगडाचा लांब ओटा, त्याले ओळीनं भोकं. नंदा म्हणे, हा दोन हजार वर्षं जुना सार्वजनिक संडास. मी म्हटलं, आपल्या गावात ते आत्ता आले अन त्याच्यात लोकं गोवऱ्या ठेवतात. तू तोंडावर पदर घेतला. "अव माय! मांडीले मांडी लावून? बोलत काय असतीन एकमेकाशी?"

"तुह्यासारख्या असतीन त दुपार होईपर्यंत बोलत असतीन."

मग ते मोठं नाटकघर. डोंगर कोरून पायऱ्याच पायऱ्या, अर्ध्या चंद्रासारख्या, हजारो माणसं बसतीन एवढ्या. तुझे गुडघे धरले होते म्हणून तू खाली थांबली अन मी इर्षेनं पार वर गेलो. वरून तू हरभऱ्याच्या दाण्याएवढी दिसत होती, हिरव्या लुगड्यातला दाणा. अन तू काय केलं? दोन्ही हात तोंडाशी धरले अन वावराच्या धुऱ्यावरून मारते तशी हाक मारली. "ओ नंदाचे बाबा! या जेवाले!" ती हाक त्या दगडांनी उचलली अन माझ्या कानाशी आणून ठेवली, जशी तू बाजूलेच उभी आहे. गोरे, काळे, चपट्या नाकाचे, जेवढे होते तेवढे सगळे वळून पाहाले लागले. कोणी टाळ्या वाजवल्या. मले शरम वाटली. मी ओ देली नाही. खाली मान घालून पायऱ्या उतरलो अन तुले म्हटलं, अक्कल आहे का? तू म्हणली, "आवाज जाते का पाहाचं होतं. गेला ना?"

ओ द्याले पाहिजे होती, वच्छे. मोठ्यानं द्याले पाहिजे होती. तेवढ्या माणसांत तुले एकटीलेच तिथं घरचं माणूस जेवाले बोलवाचं सुचलं, अन मी चारचौघांले भ्यालो. ही चूक माझी. लिहून देतो.

पामुक्कले त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. पांढराशुभ्र डोंगर, त्याच्यावरून गरम पाणी वाहते, जागोजागी ताटाएवढी, खोलीएवढी डबकी. नंदा म्हणे, नावाचा अर्थच कापसाचा किल्ला. मी म्हटलं, एवढा कापूस असता तर जिनिंगवाल्यानं त्यालेही ओला म्हणून भाव पाडला असता. वरच्या माथ्यावर दुसरं एक जुनं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूले दगडी डोणी पडलेल्या, ढोरांले पाणी पाजाच्या, पण केवढ्या! काहींवर दगडाचं झाकण. मधात लाल लाल खसखशीची फुलं. नंदा पाणी आणाले गेली. तू म्हणली, ज्या गावात एवढ्या डोणी त्या गावात ढोरं किती असतीन. मी म्हटलं, दूधदुभत्याचं गाव दिसते. सावली पाहून आपण एका झाकणावर फडकं टाकलं अन भाकर-ठेचा काढला.

नंदा आली अन तिची बाटलीच खाली पडली. "आई! बाबा! उठा! त्या प्रेताच्या पेट्या आहेत!"

मी असा उठलो की अर्धी भाकर मातीत. आंघोळ, आंघोळ करा म्हटलं, आत्ताच्या आत्ता. तिथं गरम पाण्याचा डोंगर होता, पण त्याच्यात आंघोळ करू देत नव्हते, पाय बुडवू देत होते. मी पाय बुडवून चुळा भरल्या अन नंदाची मान खाली गेली. तू मात्र बसूनच राह्यली. हातातला घास तू पूर्ण खाल्ला. वर म्हणली, "मेला माणूस भाकर थोडीच मागून राह्यला." मग काय वाटलं तुले कोण जाणे, उरलेला चतकोर तू त्या दगडावर ठेवला. म्हणली, "आपून त्याच्या घरी जेवलो. त्याले नाई विचारलं."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, मेलेल्याले रस्त्यात ठेवणारे हे कसले लोक. मेलं माणूस गावाबाहेर जाते, जाळते, नदीत जाते, संपते. तू म्हणली, कोण म्हणते संपते? मी म्हटलं, शास्त्र म्हणते. तू म्हणली, शास्त्रानं कधी घर सारवलं का? त्याचा याच्याशी काय संबंध, हे मले तवा समजलं नाही. कोन्या येईपर्यंत पाच घंटे आपण मेलेल्या माणसायवरून भांडत गेलो. नंदानं शेवटी गाणी लावली. तीही तिकडच्या भाषेतली. तरी आपण थांबलो नाही.

कोन्याच्या पुढं सपाट काळंभोर रान. कोवळा गहू गुडघ्याएवढा. तो गहू पाहून मले पहिल्यांदा बरं वाटलं त्या देशात. त्याच्या मधात ते टेकाड. नाव माझ्या जिभेवर आजही नीट बसत नाही. पण पाहताच मी ओळखलं. आपल्या गावाची पांढरी आहे ना, जुनं गाव बसलं होतं तो उंचवटा, नांगर घातला की खापरं निघतात, ती. घरावर घर, त्याच्यावर घर, माती चढत जाते अन टेकाड होते. मी नंदाले म्हटलं, ही पांढरी आहे. तिनं पाटी वाचली अन म्हणे, बाबा, नऊ हजार वर्षांची. जगातल्या पहिल्या गावांतलं एक. मी म्हटलं, असू दे. पांढरीच आहे.

वर मोठं छप्पर टाकलेलं अन खाली खणलेली घरं. ना गल्ली, ना दार. एकाले एक चिकटलेली मातीची घरं, धाब्याची. धाब्यावरून शिडीनं घरात उतराचं. तू कठड्याले धरून उभी राह्यली अन तुले जे दिसलं ते मले नाही दिसलं, नंदाले नाही दिसलं. कापलेल्या भिंतीत पातळ पातळ पांढऱ्या रेघा होत्या, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या, मोजता येणार नाही एवढ्या. तू म्हणली, "नंदे, हा पोतारा होय."

नंदा म्हणे, "काय?"

"पोतारा. पांढऱ्या मातीचा हात. दरसाल बाईनं भिंतीवर फिरवलेला. पाह्य ना, एका सालाची एक रेघ. ही बाई मेली असंन, मग सुनेनं फिरवला. मग तिच्या सुनेनं."

पाटीवर तेच लिहिलेलं होतं. नंदा वाचत गेली अन तिचं तोंड उघडंच. तिथला राखणदार, माझ्याच वयाचा, मिशीवाला बुढा, तुझ्याकडे पाहत होता. त्याची भाषा आपल्याले येत नाही, आपली त्याले. तू हवेत हात फिरवून दाखवला, तळवा उघडा, डावीकडून उजवीकडे अर्धा गोल. तो बुढा हसला अन त्यानंही तसाच हात फिरवला. मग छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणला. नंदानं सांगितलं, त्याची माय असं करत होती म्हणते.

मग नंदानं पाटीवरची पुढची ओळ वाचली. हे लोक आपली मेलेली माणसं घरातच पुरायचे. झोपाच्या ओट्याच्या खाली. गुडघे पोटाशी घेऊन, लेकरू पोटात असते तसं. अन वरून सारवून त्याच ओट्यावर झोपाचे.

मी म्हटलं, राम राम राम. तू पदर तोंडाशी नेला, मले वाटलं भ्याली. तर तू हसून राह्यली होती. "म्हंजे सासू जितेपणी उरावर अन मेल्यावर पाठीखाली!" नंदा इतकी हसली की राखणदारानं पाणी आणून देलं. बाहेर त्यायनं तसंच एक घर बांधून ठेवलेलं आहे पाहाले. त्याच्यातल्या ओट्यावर तू जाऊन बसली, दोन्ही तळवे मातीवर ठेवले, अन गंज वेळ उठलीच नाही. तवा तू हसत नव्हती.

गाडीत बसलो. दोन्हीकडे गहू. तू मागून म्हणली, "नंदाचे बाबा, मी गेली त मले पैनगंगेत नका टाकू."

"मग काय डोक्यावर घेऊन फिरू?"

"घरात ठेवजा. मधल्या घरात, माह्या बाजेखाली. त्या घरात सून म्हणून आली तवापासून मी ते सारवून राह्यली. माहा हात हाय त्या जमिनीत. पाण्यात कायले वाहत जाऊ? मले पोहताही येत नाई."

"गप बैस. चांगल्या रस्त्यानं जाऊन राह्यलो अन मसणाचं काय बोलते?"

तू गप बसली. एवढंच आहे ते, वच्छे. त्याच्यावर काही नाही. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, गप बैस म्हटलं. कोन्या येईपर्यंत नंदानं गाणीही लावली नाहीत.

मग पोळ्याच्या दिवशी, बैल सजवून झाले, अन तू शिंगाच्या रंगाचे हात धुता धुता म्हणली, "मी काय म्हटलं होतं, ध्यानात हाय ना?" मी म्हटलं, काय? मले पक्कं ध्यानात होतं. तू म्हणली, काही नाई. अन आत गेली. त्याच्या आधी, पावसाळ्यात, समोरच्या खोलीत फरशी बसली तवा मिस्त्री म्हणे, मधल्या घरातही करून टाकू. तू म्हणली, तिथं हात लावशीन त हात तोडीन. मिस्त्रीले वाटलं बुढी चिडखोर आहे. मले समजलं होतं. तरी मी बोललो नाही. मी भ्यालो होतो. तू गेल्यावर काय कराचं ते बोललो, की तू जाणार हे खरं होते. म्हणून नाही बोललो. आता तू गेलीच, अन ते बोलणं तसंच पडून आहे. माणूस लेकाचा किती गाढव असते पाह्य.

आता दुसरी गोष्ट.

तुले जाळलं तवा नंदा पोचली नव्हती. ती आली दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी चुलीपाशी मी तिले सांगितलं, तुझ्या मायची राख घरात ठेवाची आहे. ती रडून रडून सुजलेली. म्हणली, "बाबा, आई मजाक करत होती."

"गाडीत?"

"आई नेहमीच मजाक करायची."

"अन त्या ओट्यावर बसली होती तवा?"

ती उठून गेली. मले वाटलं, झालं. तिघंच होतो आपण त्या गाडीत. एक गेली, एक म्हणते मजाक, अन तिसऱ्यावर कोण भरोसा ठेवीन? त्यानं तर ओ सुद्धा देली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडाले गेलो. तुझा भाऊ दादाराव जऊळक्याहून नवं मडकं अन लाल फडकं घेऊन आलेला. चार भावकीचे. नंदा हट्टानं आली, बाया येत नाहीत म्हटलं तरी. पाणी शिंपडलं, राख थंड झाली. दादारावनं मडकं पुढं केलं अन म्हणला, "चाला भाऊजी, पयला हात तुमचा. मग पैनगंगेवर निघू, जीप उभी हाय."

मी पहिली मूठ भरली अन मडक्यात नाही टाकली. माझ्या दुपट्ट्याच्या कोपऱ्यात टाकली. दुसरी मूठही. दादारावनं माझं मनगट धरलं.

"भाऊजी, हे काय करून राह्यले?"

"एवढी माही. बाकी तुमची. न्या पैनगंगेत."

"राख घरात नेता? येडे झाले का? माह्या बहिणीची गती अडकीन!"

"तुही बहीण पन्नास वर्षं माह्या घरात अडकून होती, तवा कोणी सोडवाले नाई आलं. आता गतीचं सांगाले आला."

भावकीतला एक म्हणला, धक्का बसला बुढ्याले, उचला त्याले. दुसरा म्हणला, हे तिकडचं पाहून आले म्हणून असं होते, म्हणून म्हटलं होतं जाऊ नका. दादाराव सोडेना. हट्टी तुझ्यासारखाच, एका मायचे तुमी. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, हे मी खोटं बोलणार नाही. त्याले खरंच वाटत होतं की मी तुझं वाईट करून राह्यलो. म्हणला, "तिनं सांगितलं होतं का तुमाले? सांगितलं असंन त कोण साक्षीदार हाय?"

मी तिथं उभा. मुठीतली तू बोटांतून गळून राह्यली होती.

नंदा पुढं आली. मले वाटलं माझा हात धरून घरी नेते. तिनं मामाचा हात धरला. "मामा, सोडा बाबाले. आई म्हणली होती. गाडी मी चालवत होती. आरशात मले आईचं तोंड दिसत होतं. ती मजाक नव्हती करत. मीच काल खोटं बोलली. मले सहन नव्हतं होत."

दादारावनं माझं मनगट सोडलं. म्हणला, "मायलेकी सारख्याच." बाकी तुले घेऊन तो पैनगंगेवर गेला, अन मी दुपट्ट्याले गाठ मारून गावातून चालत आलो, मारुतीच्या पारासमोरून, रस्त्याच्या मधातून. ज्याले पाहाचं त्यानं पाहिलं.

तू मले हिणवायची, तुमाले दगडं पाहून काय समजलं? आता आयक. तू नेलं नसतं तर मी आज मडकं घेऊन नदीवर उभा असतो, सगळे म्हणतात तसं करून मोकळा झालो असतो अन घरी येऊन रिकाम्या बाजेकडे पाहत बसलो असतो. नऊ हजार वर्षांच्या बायका तू मले दाखवल्या, ज्या आपल्या माणसाले वेशीबाहेर टाकून येत नव्हत्या. कोणी म्हणो उलटं, कोणी म्हणो अडाणी. आपल्याच्यापेक्षा जुने आहेत ते. शास्त्रापेक्षाही जुने. त्यायले विचाराले जा म्हणावं.

चौथ्या दिवशी सकाळी मी कामाले लागलो. तुझी बाज सरकवली. सब्बल घेऊन खड्डा खांदला, हातभर खोल. तुझ्या हाताचे थर निघत गेले, शेणाचे, मातीचे, एकावर एक. त्याच्यात मी दुपट्ट्याची गाठ सोडली. नंदा पाणी घेऊन उभी. माती लोटली, धुम्मसानं दाबली. मग मी बसून त्या जागेले म्हटलं, "हो."

नंदा म्हणली, "काय बाबा?"

"तुले नाई."

गावाच्या पांढरीवरून मी पहाटेच घमेलंभर माती आणून ठेवली होती. म्हशीचं ताजं शेण घेतलं, कालवलं. नंदा म्हणे, द्या, मी करते. मी म्हटलं, नाही. जन्मात कधी सारवलं नव्हतं मी. पाणी जास्त झालं, मग माती जास्त झाली. बोटं उमटत होती, तुझ्यासारखा अर्धा गोल काही केल्या येत नव्हता. गिरजा दारातून डोकावली अन हातातलं सूप तिथंच राह्यलं तिचं. "अव माय, बुढा सारवून राह्यला! भाऊजी, गुठळ्या पडून राह्यल्या ना!"

"पडू दे. पुढच्या खेपेले कमी पडतीन."

ती हसली नाही. सूप ठेवून आली, माझ्याजवळ बसली अन नुसता हात धरून एकदा फिरवून दाखवला. मग गेली.

सारवून झालं. चारी कोपरे, पूर्ण खोली. कंबर मोडली माझी. मी उंबऱ्यावर बसलो, काठी आडवी टाकून. कोणी ओल्यावर पाय देऊ नये म्हणून. तेवढ्यात दादाराव, नदीवरून परत येऊन रात्री आपल्याच घरी मुक्कामाले राह्यलेला, आंघोळ करून आला. त्याची थैली मधल्या घरात खुंटीले होती, ती घ्याले तो सरळ आत निघाला. मी काठी उचलली.

"थांब."

"काय झालं भाऊजी?"

"बाहेरच थांब जरा. तुही बहीण आत्ताच आडवी झाली."